गाणे एकाचे, सातबारा दुसऱ्याच्या नावावर

मे २०२५ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेने आपल्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांना साधा प्रश्न पडला: जी गाणी तिने स्वतः लिहिली आणि स्वतःच गायली, ती तिलाच विकत का घ्यावी लागली? चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न उलट्या बाजूने पडला होता. ऑगस्ट १९८५ मध्ये मायकल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलर मोजून एटीव्ही म्युझिक ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर बीटल्स या ब्रिटिश गटाची सुमारे अडीचशे गाणी त्याच्या ताब्यात आली. त्या गटातला पॉल मॅकार्टनी तेव्हा हयात होता, गात होता, आणि तरी स्वतःच रचलेल्या गाण्यांचा मालक नव्हता.

ही दोन्ही उदाहरणे अतिश्रीमंत झालेल्या कलावंतांची आहेत. पण ज्या नियमांनी त्यांना अडवले, तेच नियम विसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीय गायकांना लागू होते, आणि त्यांच्या बाबतीत वर्णभेद, रेडिओ आणि वृत्तपत्रे यांची त्यात भर पडून सगळा हिशेब आणखी एका बाजूला झुकत गेला. तो हिशेब समजून घ्यायचा तर सुरुवात मालकीच्या कागदापासूनच करावी लागते.

एक गाणे, दोन मालमत्ता

एखाद्या हौशी संस्थेला राज्य नाट्य स्पर्धेत नाटक करायचे असेल, तर आधी नाटककाराची लेखी परवानगी लागते आणि प्रयोगामागे त्याचे मानधन द्यावे लागते, कारण संहिता नाटककाराची असते. पण एखाद्या निर्मात्याने त्याच नाटकाच्या आपल्या प्रयोगाचे चित्रीकरण करून ठेवले, तर ती चित्रफीत निर्मात्याची. आता प्रेक्षक केवळ एका नटासाठी तिकीट काढून आलेले असोत, तो नट या दोहोंपैकी कशाचाही आपोआप मालक होत नाही.

गाण्याचेही तसेच आहे. शब्द आणि चाल मिळून होते ती रचना. तिच्या हक्कांना या धंद्यात ‘पब्लिशिंग’ म्हणतात. ती रचना कोणीतरी गाऊन, वाजवून जे ध्वनिमुद्रण तयार होते, त्याच्या मूळ प्रतीला ‘मास्टर’ म्हणतात. स्विफ्टच्या हातून मास्टर गेले होते, पण रचनेवरचा तिचा हक्क शाबूत होता, म्हणून तिला सहापैकी चार अल्बम नव्याने गाऊन बाजारात आणता आले. बीटल्सच्या बाबतीत नेमकी रचनाच हातची गेली होती.

अमेरिकेत यात आणखी एक मेख आहे. तिथे रेडिओवर गाणे वाजले की पैसे मिळतात ते फक्त रचनाकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला, गाणाऱ्याला नाही. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे जगाला माहीत आहे ते अरीथा फ्रँकलिनच्या १९६७ च्या आवाजात, पण ते लिहिले ओटिस रेडिंगने, त्यामुळे अमेरिकी रेडिओवर ते जितक्या वेळा वाजले तितक्या वेळा पैसे रचनेच्या बाजूला गेले आणि फ्रँकलिनला त्यातले काही मिळाले नाही. दोघेही कृष्णवर्णीय, तेव्हा या उदाहरणात वर्णभेद शोधण्याचे कारण नाही. मात्र यावरून एक गोष्ट लख्ख दिसते: रचनाकार म्हणून कागदावर नाव कोणाचे चढते, यावर सगळे अवलंबून असते.

कंसातली नावे

जुनी ७८ किंवा ४५ फेऱ्यांची तबकडी हातात घेऊन मधल्या गोल कागदाकडे पाहावे. कंपनीचे नाव सर्वांत मोठे, मग गाण्याचे, मग गायकाचे, आणि गाण्याच्या नावाखाली कंसात, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत, रचनाकारांची नावे. ऐकणारा तिकडे क्वचितच पाहतो. पण गाण्याचा सातबारा तोच, आणि त्यावर एकदा फेरफार झाला की तो दुरुस्त करायला आयुष्य जाते.

चक बेरी या कृष्णवर्णीय गायकाने १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी ‘मेबेलीन’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे त्याने एकट्याने केलेले, पण तबकडी बाहेर आली तेव्हा कंसात तीन नावे होती: बेरी, फ्रॅटो आणि फ्रीड. ॲलन फ्रीड हा न्यूयॉर्कच्या रेडिओवरचा अत्यंत लोकप्रिय निवेदक. त्याच्या नावावर गाण्याचा वाटा चढवला की ते गाणे तो पुन्हा पुन्हा वाजवणार, इतका हा सरळ व्यवहार होता. रस फ्रॅटो याचे चेस कंपनीशी पैशांचे संबंध होते. दोघांनीही गाण्यातला एक शब्द लिहिलेला नव्हता. बेरीला पूर्ण हक्क परत मिळाला तो १९८६ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी.

रेडिओवाल्याला असे पोसण्याच्या प्रथेला तिथे ‘पेओला’ म्हणत. गोरे गायकही त्यातून सुटत नसत, हे खरे. फरक असा की कृष्णवर्णीय गायकाकडे वकील नसे, प्रकाशकाची माहिती नसे, आणि दक्षिणेतल्या राज्यांत तर गोऱ्या मालकाला कागदाविषयी जाब विचारणे जिवावर बेतू शकत असे. अशा माणसापुढे करारपत्र ठेवून ‘इथे सही कर’ म्हणणे, याला दोन समान पक्षांमधला करार म्हणता येत नाही, असे मला वाटते.

वेगळा कप्पा

ऑगस्ट १९२० मध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायले. तबकडी इतकी खपली की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक पैसे खर्च करून गाणी विकत घेते, हे कंपन्यांना प्रथमच उमगले. त्यांनी त्या गिऱ्हाइकासाठी वेगळी सूची काढली आणि तिला नाव दिले ‘रेस रेकॉर्ड्स’. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकानेही १९४५ पासून आपल्या लोकप्रियता यादीला तेच नाव लावले. १९४९ मध्ये ते बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव सभ्य झाले, कप्पा तोच राहिला.

कप्प्याने काय बिघडते, असे वाटू शकते. समजा, मंडईत एका शेतकऱ्याला मुख्य ओळीत गाळा न देता मागच्या बोळात बसवले, मग बोळात गिऱ्हाईक कमी येते म्हणून त्याच्या मालाला भाव कमी दिला, आणि शेवटी भाव कमी मिळतो म्हणून त्याचा माल हलका ठरवला, तर पहिल्या पायरीवरचा अन्याय तिसऱ्या पायरीपर्यंत ‘बाजाराचा कौल’ होऊन बसतो. रेडिओ केंद्रे वेगळी, दुकाने वेगळी, जाहिरातीचे पैसे वेगळे आणि यादीही वेगळी. यातून नेमके हेच घडले.

मुख्य ओळीतला गाळा मग कोणाला मिळाला? लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाने सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका छोट्या स्टुडिओत ‘टूटी फ्रूटी’ गायले. काही महिन्यांतच पॅट बून या गोऱ्या, नीटनेटक्या, पालकांना पसंत पडेल अशा तरुणाने तेच गाणे गायले आणि मुख्य यादीत तो मूळ गायकाच्या वर गेला: रिचर्ड १७ व्या क्रमांकावर, बून १२ व्या. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकून पाहाव्यात. एकीत माणूस पेटलेला आहे आणि दुसरीत तो शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ म्हणतो आहे. गोऱ्या मुलांच्या टेबलावर बूनची तबकडी असे आणि खणात लपवलेली माझी, असे लिटल रिचर्ड पुढे सांगत असे.

लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेची तक्रार तर आणखी टोकदार होती. तिच्या ‘ट्वीडल डी’ची जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने केलेली आवृत्ती शब्द आणि चालीपुरती थांबली नव्हती, वाद्यमेळाची बांधणीसुद्धा जशीच्या तशी उचलली होती. बेकरने १९५५ मध्ये आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहून अशा नकलेविरुद्ध कायदा करण्याची मागणी केली, पण काही झाले नाही. पुढे विमानप्रवासाला निघताना तिने विमा उतरवला आणि लाभार्थी म्हणून गिब्जचे नाव घातले, अशी गोष्ट सांगितली जाते. मी गेले तर ती बिचारी गाणार काय, असा त्यातला टोमणा.

‘पण कायद्याने परवानगी होती ना?’

होती, आणि हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एखादी रचना एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली की, ठरलेले मानधन भरून ती कोणीही पुन्हा गाऊ शकत असे. दर होता प्रतिमागे दोन सेंट, आणि तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बदलला नाही. अशा पुन्हा गायलेल्या आवृत्तीला ‘कव्हर’ म्हणतात. आवाजाची लकब, वाद्यमेळाची बांधणी, ठेक्यातला झोल यांना या कायद्यात संरक्षण नव्हते, आणि खुद्द ध्वनिमुद्रणालाही अमेरिकेत संघीय पातळीवरचे संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये. म्हणजे कागदावर लिहिता येते ती मालमत्ता, आणि गळ्यातून, हातातून येते ते फुकट. ब्लूजसारख्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात जीव असतो तो नेमका या दुसऱ्या भागात. कायदा लिहिणाऱ्यांनी कोणाचा वर्ण डोळ्यांपुढे ठेवला नसेलही, पण त्याचा फटका कोणाला बसणार हे त्या व्याख्येतच ठरून गेले होते.

दुसरा आक्षेप असा की संगीतात सगळेच सगळ्यांकडून घेतात. तेही खरे आहे. वर उल्लेखलेले ‘मेबेलीन’ हेच मुळात ‘आयडा रेड’ या जुन्या पारंपरिक गाण्यावरून सुचलेले होते, आणि ते गोऱ्या गावरान वादकांमध्ये लोकप्रिय होते. ‘हाउंड डॉग’चे उदाहरण तर सोप्या निष्कर्षांना चांगलाच अडथळा करते. एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने १९५६ मध्ये ते गाजवण्याच्या तीन वर्षे आधी बिग मामा थॉर्न्टन या कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी आली होती, म्हणून ‘प्रेस्लीने तिचे गाणे चोरले’ असे सर्रास म्हटले जाते. पण गाणे लिहिले होते जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी, आणि रचनेचे पैसे कायद्याने त्यांचेच होते. थॉर्न्टनला आपल्या वाट्याला त्या गाण्याचे ५०० डॉलरच आले, असे ती सांगत असे. तिची तक्रार खोटी ठरत नाही, फक्त तिचे नाव ‘चोरी’ असे नाही. तिने त्या गाण्याला जे रूप दिले त्यासाठी कायद्यात रकानाच नव्हता, आणि प्रेस्लीसाठी जी दूरचित्रवाणी उघडी होती ती तिच्यासाठी नव्हती.

याच्या उलट आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे पाहा. प्रेस्लीची १९५४ मधली पहिली तबकडी ज्या गाण्याची होती, ते ‘दॅट्स ऑल राइट’ क्रूडपनेच रचलेले आणि १९४६ मध्ये गायलेले होते. इथे रकाना होता, नावही होते, तरीही त्याला हक्काचे पैसे मिळाले नाहीत. तो मजुरी करत राहिला आणि १९७४ मध्ये वारला.

गोऱ्यांनाही फसवलेच की, हा तिसरा आक्षेप. अर्थात. बीटल्सची रचना त्यांच्या हातून कशी गेली ते पाहिले तरी पुरे: त्यांच्या नॉर्दर्न साँग्ज या कंपनीतला आपला हिस्सा प्रकाशक डिक जेम्सने १९६९ मध्ये परस्पर एटीव्हीला विकला आणि लेनन-मॅकार्टनी पाहत राहिले. तेव्हा वर्ण वगळला तर हा धंदा निर्मळ होता, असे कोणी समजू नये. पण बीएमजी या मोठ्या कंपनीने २०२० मध्ये आपल्याकडच्या जुन्या करारांची वर्णाच्या अंगाने तपासणी केली, तेव्हा १५ पैकी ४ सूचींमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांना मानधनाचा दर इतरांपेक्षा कमी असल्याचे आढळले. उरलेल्या अकरांत तसे आढळले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

दूरचित्रवाणीची तीच गोष्ट

एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. पहिली दीड वर्षे तिच्यावर कृष्णवर्णीय गायक अगदी तुरळक दिसत. रिक जेम्स या कृष्णवर्णीय गायकाने याविषयी जाहीर आदळआपट केली. १९८३ च्या सुरुवातीला डेव्हिड बोवी या गोऱ्या ब्रिटिश गायकाने तर वाहिनीच्याच मुलाखतकाराला मुलाखतीत उलटा प्रश्न केला की इथे कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का. आमची वाहिनी रॉक संगीताची आहे, अमेरिकेच्या मधल्या राज्यांतल्या प्रेक्षकाचाही विचार करावा लागतो, असा खुलासा मिळाला. रॉक संगीत ज्यांच्या घरातून निघाले त्यांनाच ‘तुम्ही रॉकमध्ये बसत नाही’ असे सांगण्यातला विनोद बोवीच्या चेहऱ्यावर दिसतो.

मार्च १९८३ मध्ये जॅक्सनची ‘बिली जीन’ची चित्रफीत एमटीव्हीवर लागली. आपण आपल्या कंपनीच्या सगळ्याच चित्रफिती काढून घेण्याची धमकी दिली तेव्हा हे घडले, असे सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ सांगत. वाहिनीने ते नाकारले. कोणाचे खरे मानायचे ते ज्याने त्याने ठरवावे, पण तोपर्यंत हे गाणे देशातले सर्वांत लोकप्रिय गाणे झालेले होते आणि ते न दाखवणे वाहिनीलाच महागात पडले असते.

कप्प्याची सवय मात्र गेली नाही. मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे ते पुरेसे ‘कंट्री’ (अमेरिकी ग्रामीण ढंगाचे) नसल्याचे सांगून बिलबोर्डने कंट्री यादीतून काढले. तेच गाणे मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

भाडेकरू मालक झाला तेव्हा

आता जॅक्सनच्या खरेदीकडे परत येऊ. गाण्यांच्या रचना विकत घेण्यात पैसा आहे, हे जॅक्सनला सांगितले खुद्द मॅकार्टनीने, दोघे एकत्र गात होते त्या दिवसांत. मॅकार्टनीला ते ठाऊक होते, कारण बडी हॉली या अमेरिकी गायकाची गाणी त्याच्या मालकीची होती. हॉली १९५९ मध्येच विमान अपघातात गेलेला. दुसऱ्याने रचलेली गाणी विकत घेणे हा विश्वासघात असेल, तर तो दोघांनीही केला होता. पण तो आरोप चिकटला एकालाच. मॅकार्टनीच्या खरेदीला गुंतवणूक म्हटले गेले आणि जॅक्सनच्या खरेदीला मित्राच्या पाठीत खुपसलेला सुरा. मॅकार्टनीला स्वतःची गाणी परक्याच्या हातात पाहून वाईट वाटणे मी समजू शकतो. वृत्तपत्रांनी निवडलेले शब्द मात्र वेगळ्या हिशेबात धरावे लागतात.

त्याहून बोलकी गोष्ट दुसरीच आहे. एटीव्हीच्या सुमारे चार हजार गाण्यांच्या त्या गठ्ठ्यात लिटल रिचर्डचीही गाणी होती; ज्या ‘टूटी फ्रूटी’साठी त्याला तबकडीमागे अर्धा सेंट मिळाल्याचे सांगतात, तेही त्यातच. हात बदलत बदलत ते एका कृष्णवर्णीय गायकाच्या मालकीचे झाले, ही खरे तर मोठी बातमी होती. आजही त्या व्यवहाराची ओळख ‘जॅक्सनने बीटल्सची गाणी घेतली’ अशीच करून दिली जाते. (विकणाऱ्या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने ‘पेनी लेन’ हे एक गाणे मुलीसाठी व्यवहारातून वगळून ठेवले होते, ही गंमत मात्र सगळ्यांना पाठ असते.)

१९९५ मध्ये जॅक्सनने ही मालमत्ता सोनीबरोबर भागीदारीत आणली. त्याच्या मृत्यूनंतर, २०१६ मध्ये, सोनीने वारसांचा अर्धा हिस्सा सुमारे ७५ कोटी डॉलरला घेतला. मधल्या काळात, जुलै २००२ मध्ये, हार्लेममधल्या सभेत जॅक्सनने सोनी म्युझिकचे प्रमुख टॉमी मोटोला यांना वर्णद्वेष्टे म्हटले आणि संगीताचा धंदा कृष्णवर्णीयांना लुबाडतो असे जाहीर केले. सोनीने ते साफ फेटाळले, आणि जॅक्सनच्या बाजूने उभे असलेले कृष्णवर्णीय नेते अल शार्प्टन यांनीही मोटोलांविषयीच्या त्या शब्दाशी सहमती दाखवली नाही. एकूण धंद्याविषयी तो जे बोलला त्याला इतिहासाचा आधार आहे. त्या एका माणसाविषयी जे बोलला त्याला पुरावा त्याने दिला नाही. तसेच, त्याच्यावरचे बालशोषणाचे आरोप केवळ ही गाणी बळकावण्यासाठी रचले गेले, असे त्याचे काही चाहते मानतात. तो विषय स्वतंत्र आणि गंभीर आहे. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, पुढे नवे आरोपही झाले, आणि गाण्यांच्या मालकीने त्यातले काहीच सिद्ध किंवा असिद्ध होत नाही.

गेलेले परत मिळते का?

काही प्रमाणात. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने १९७८ नंतर दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागण्याची मुभा रचनाकाराला दिली. कंपन्या त्यावर ‘हे काम आमच्या नोकरीत झाले’ असा बचाव करतात आणि भांडण कोर्टात जाते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटाचे गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला वाटा कायमचा लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. तोपर्यंत निर्मात्याला एकरकमी सगळे देऊन मोकळे होणे हीच रीत होती.

पण सर्वांत विलक्षण परतफेड झाली ती दक्षिण आफ्रिकेत. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत तबकड्या बांधण्याचे काम करत असे. १९३९ मध्ये तिथल्याच स्टुडिओत त्याने आपल्या साथीदारांसह ‘म्बूबे’, म्हणजे सिंह, हे गाणे गायले, आणि गाता गाता शेवटी उत्स्फूर्तपणे एक सुरावट घेतली. पुढे दहा शिलिंगांना हक्क कंपनीकडे गेले. तबकडी अमेरिकेत पीट सीगर या लोकगायकाच्या हाती पडली. ‘उयिम्बूबे’ हा शब्द त्याला ‘विमोवे’ असा ऐकू आला, आणि गाणे त्याच नावाने पसरले. १९६१ मध्ये इंग्रजी शब्द घालून टोकन्स या गोऱ्या तरुणांच्या गटाने ते ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून गायले व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. मुख्य सुरावट लिंडाची होती, पण कंसात त्याचे नाव नव्हते. १९६२ मध्ये तो अत्यंत गरिबीत वारला.

त्याच्या मुलींना वाट सापडली ती १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्यात. लेखकाने जिवंतपणी हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असे त्यात एक कलम होते. म्हणजे १९८७ पासून, साम्राज्याच्या जुन्या मुलखांपुरते, गाणे त्यांचे होते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. २००४ मध्ये, तेच गाणे वापरणाऱ्या चित्रपटावरून, डिस्नेविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत दावा दाखल झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये हक्क सांगणाऱ्या प्रकाशकाने तडजोड केली, मागच्या वापराचे पैसे द्यायचे ठरले आणि सहरचनाकार म्हणून लिंडाचे नाव लागले. त्याच्या चार मुलींपैकी तिघींनी तो दिवस पाहिला. चौथी २००१ मध्येच गेली होती.